श्वेतवस्त्र उच्च रक्तदाब

श्वेतवस्त्र उच्च रक्तदाब म्हणजे दवाखान्यात किंवा रुग्णालयात मोजलेला रक्तदाब वाढलेला, परंतु घरी किंवा दैनंदिन व्यवहारात मोजलेला रक्तदाब सामान्य असण्याची स्थिती होय. डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावरून हे नाव पडले आहे. साधारणपणे दवाखान्यातील मापन १४०/९० मिमी पारा किंवा त्याहून अधिक आणि घरच्या मापनाची सरासरी १३५/८५ पेक्षा कमी असल्यास हे निदान केले जाते. याच्या उलट, दवाखान्यात सामान्य व घरी वाढलेला रक्तदाब आढळल्यास त्यास 'प्रच्छन्न उच्च रक्तदाब' म्हणतात.

इतिहास
इटलीतील वैद्य शिपिओने रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे उपकरण मांडले. १९८३ मध्ये ज्युसेप्पे मान्चा व सहकाऱ्यांनी रुग्णांच्या धमनीतील दाब सलग नोंदवला. डॉक्टर खाटेजवळ येताच वरचा (सिस्टॉलिक) दाब सरासरी २७ मिमी, तर खालचा (डायस्टॉलिक) दाब सुमारे १५ मिमी वाढल्याचे त्यात दिसले. ही वाढ पहिल्या काही मिनिटांत सर्वाधिक होती व नंतर ओसरत गेली. परिचारिकेने मापन केल्यास वाढ कमी होते, असेही त्यांच्या पुढील अभ्यासात आढळले.

कारणे
भीती वा ताण जाणवताच अनुकंपी चेतासंस्था उद्दीपित होते, ॲड्रेनॅलिन स्रवते, हृदयाची गती वाढते व रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. एकदा आकडा जास्त आल्यास पुढील वेळी पट्टा बांधतानाच धास्ती वाटू लागते आणि त्या धास्तीमुळे आकडा पुन्हा वाढतो. मात्र ही प्रतिक्रिया पूर्णपणे जाणिवेच्या पातळीवर नसते. मनात भीती नसलेल्या व्यक्तीतही ती दिसू शकते.

मापनातील त्रुटींमुळेही आकडा वाढतो. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय (स्थापना १९५६) 'घाटी' या नावाने ओळखले जाते. तेथे शहराबरोबरच मराठवाड्याच्या इतर जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. अशा मोठ्या रुग्णालयात दूरचा प्रवास, केसपेपरची रांग, जिना चढणे आणि लघवी रोखून धरणे यांनंतर लगेच केलेले मापन विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब दाखवत नाही.

योग्य मापन
मापनापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू व व्यायाम टाळावा आणि लघवी करून यावे. पाठीला आधार देऊन, पावले जमिनीवर टेकवून व पायांची अढी न घालता पाच मिनिटे शांत बसावे. दंड उघडा ठेवून हात हृदयाच्या पातळीवर टेकवावा. पट्टा दंडाच्या घेरास योग्य असावा. लहान पट्ट्याने आकडा वाढलेला दिसतो. मापन चालू असताना बोलू नये. एक मिनिटाच्या अंतराने किमान दोन नोंदी घ्याव्यात.

घरी प्रमाणित, दंडावर बांधण्याच्या यंत्राने सात दिवस सकाळी व संध्याकाळी प्रत्येकी दोन नोंदी घेतल्या जातात. पहिला दिवस वगळून उरलेल्यांची सरासरी काढतात. निदान अधिक निश्चित करण्यासाठी चोवीस तासांचे फिरते (अँब्युलेटरी) मापन उपयोगी पडते.

चिंतेचे नियंत्रण
तपासणीची भीती वाटत असल्यास तसे डॉक्टरांना आधीच सांगणे हितावह ठरते. त्यामुळे मापन भेटीच्या शेवटी पुन्हा करता येते किंवा रुग्णाला एकांतात बसवून स्वयंचलित यंत्राने घेता येते. संथ श्वसन, विशेषतः लांब उच्छ्वास, उद्दीपन कमी करण्यास मदत करते. एका आकड्यापेक्षा सरासरीला महत्त्व असते, हे समजून घेतल्यानेही धास्ती कमी होते. घरी मात्र ठरलेल्या वेळांव्यतिरिक्त वारंवार मोजत राहिल्यास चिंता वाढण्याचा संभव असतो.

महत्त्व
ही स्थिती ओळखली न गेल्यास अनावश्यक औषधे सुरू होऊन चक्कर येणे किंवा पडणे असे त्रास संभवतात. दुसरीकडे, तिला निरुपद्रवी मानणेही योग्य नाही. अशा व्यक्तींपैकी काहींना पुढे कायमस्वरूपी उच्च रक्तदाब होतो, म्हणून नियमित मापन, मिठाचे मर्यादित सेवन, व्यायाम व वजननियंत्रण यांची शिफारस केली जाते. 'हा केवळ भीतीचा परिणाम आहे' असे स्वतः ठरवून चालू औषधे बंद करू नयेत. रक्तदाब १८०/१२० किंवा अधिक असून छातीत दुखणे, धाप लागणे, बोलण्यात अडखळणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे अशी लक्षणे असल्यास ती आणीबाणी समजावी. महाराष्ट्रात अशा वेळी १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका मागवता येते.