तीन अक्षरांचे शब्द

हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात: दोन अल्फा, दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले ठरलेल्या क्रमाने ओवलेली असतात. हा क्रम अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात लिहिलेला आहे. डीएनएच्या या लिपीत अक्षरे चारच: ए, टी, जी आणि सी.

जनुक पेशीकेंद्रकात असते आणि प्रथिन तयार होते बाहेर. म्हणून आधी जनुकाची नक्कल निघते. आरएनए पॉलिमरेज हे विकर डीएनएचा पीळ उकलत आरएनएची प्रत तयार करते. तिच्यात टीच्या जागी यू येतो. या कच्च्या प्रतीत इंट्रॉन नावाचा, प्रथिनाच्या कामी न येणारा मजकूर मधेमधे घुसलेला असतो. बीटा जनुकात असे दोन इंट्रॉन आहेत. ते कापून उरलेले तीन तुकडे जोडले जातात. ही कापाकापी फार नाजूक असते. बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारात भारतात सर्वाधिक आढळणारा दोष पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या अक्षरात आहे. म्हणजे वगळायच्याच मजकुरात!

पक्की प्रत केंद्रकाबाहेर रायबोसोमवर पोहोचते. तिथे ती तीन-तीन अक्षरांनी वाचली जाते. चार अक्षरांतून असे ६४ शब्द होतात. ६१ शब्द वीस अमिनो आम्लांसाठी, तीन थांबण्यासाठी. त्यातला पहिला शब्द निरेनबर्ग आणि मथाई यांनी १९६१मध्ये उलगडला: नुसत्या यूंचा आरएनए दिला, तर फेनिलअॅलनिनची साखळी मिळाली. रायपूर (आता पाकिस्तानात) येथे जन्मलेल्या हरगोविंद खुराना यांनी ठरावीक क्रमाचे आरएनए बनवून पुढचे बरेच कोडे सोडवले. १९६८चे नोबेल त्यांना निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासह मिळाले.

भाषांतराचे श्रेय सहसा रायबोसोमला दिले जाते. खरा दुभाषा मात्र वेगळाच. प्रत्येक अमिनो आम्ल वाहक आरएनएवर बसून येते आणि कोणत्या वाहकावर कोणते आम्ल बसवायचे, हे खास विकरे ठरवतात. रायबोसोम फक्त वाहकाची तीन अक्षरे जुळतात का, ते पाहतो; वर बसलेले आम्ल तपासत नाही. १९६२मध्ये संशोधकांनी वाहकावरच्या सिस्टीनचे रासायनिक प्रक्रियेने अॅलनिन करून टाकले. रायबोसोमने ते सिस्टीनच्या जागी निमूटपणे ओवले. आम्लांमधला बंध जुळवण्याचे काम मात्र रायबोसोमचेच आणि तेही त्यातला आरएनए करतो. रायबोसोमच्या रचनेवरील संशोधनासाठी वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अॅडा योनाथ यांना २००९चे नोबेल मिळाले.

साखळी नेहमी मेथिओनिनपासून सुरू होते. बीटा साखळीतले हे पहिले आम्ल नंतर छाटले जाते. थांबण्याचा शब्द आला की साखळी सुटते, घडी पडते, तिच्यात ऑक्सिजन धरणारे हीम बसते आणि चार साखळ्या एकत्र येतात.

बीटा साखळीतला सहावा शब्द जीएजी, म्हणजे ग्लुटामिक आम्ल. सिकलसेलमध्ये तो जीयूजी होतो आणि व्हॅलिन येते. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात हा आजार बराच आढळतो. त्यात नक्कल, जोडणी, वाचन सारे बिनचूक होते. मूळ मजकुरातच एक अक्षर बदललेले असते. ऑक्सिजन सुटला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे होतात आणि तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते.

तांबडी पेशी घडताना केंद्रक टाकून देते. उरलेल्या आरएनएवर हिमोग्लोबिनचे काम आणखी एक-दोन दिवस चालते, मग रायबोसोमही नाहीसे होतात. त्या शिदोरीवर निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते.