बिनगुडघ्याचा नंदी

सिंदी (रेल्वे)चं नाव काढलं की वर्धा-नागपूर गाडीतल्या रोजच्या प्रवाशाला स्टेशन आठवतं आणि पोरांना तान्हा पोळा. पिठोरी अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा फुटतो, दुसऱ्या दिवशी लाकडी बैलांचा. ही चाल नागपूरकर भोसल्यांनी पाडली असं सांगतात. विदर्भात ती गावोगाव आहे, पण सिंदीचा थाट निराळा. वीतभर नंदीपासून ते ओढायला मोठी माणसं लागावीत अशा दांडग्या नंदीपर्यंत सगळे तिथे रांगेत उभे राहतात. पोळा फुटला की पोरं आपापला नंदी घेऊन घरोघर बोजारा, म्हणजे पोळ्याची खुशाली, मागत निघतात.

हा नंदी जवळून बघा. वाढयानं, म्हणजे सुतारानं, वशिंड झोकात काढलेलं असतं. गळ्याखालची पोळी, नाकपुड्या, शिंगांचा बाक, कशातच कसूर नाही. पाय मात्र चार खुंट्या. गुडघा नाही, घोटा नाही. खुंट्या फळीत ठोकलेल्या, फळीखाली दोन आस आणि चार चाकं. लहानपणी मला हा वाढयाचा आळस वाटायचा. माझा नंदी तर वळणावर हमखास लोटांगण घाली, कारण आस जागचा हलत नसे आणि दोरीला हिसका दिल्याशिवाय स्वारी वळत नसे. पुढे चालणाऱ्या रोबोंबद्दल वाचायला लागलो आणि वाढयाबद्दलचं मत बदललं. पाय करणं भल्याभल्यांना जड गेलं आहे.

1878 साली पॅरिसच्या प्रदर्शनात पाफ्नुती चेबिशेव या रशियन गणितज्ञाचं चार पायांचं चालतं यंत्र मांडलं होतं. त्यातल्या दांड्या आणि सांधे अशा मापानं जुळवले होते, की गोल फिरण्यातून पावलाची जवळजवळ सरळ चाल निघावी. सपाट फरशीवर झकास. पण वाटेत धोंडा आला तर? पाऊल ठरल्या जागीच पडणार. बैल धोंडा बघून पाऊल बदलतो, सगळी गोम तिथेच आहे.

1968च्या सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या राल्फ मोशर यांनी ही अक्कल माणसाकडून उसनी घेतली. त्यांच्या जवळजवळ दीड टनाच्या चालत्या ट्रकमध्ये चालक बसायचा आणि दोन हातांनी यंत्राचे पुढचे पाय, दोन पायांनी मागचे पाय चालवायचा. थोड्याच वेळात दमून जायचा. बैल होणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला कळलं असेल!

अगदी संथ चालताना बैल एका वेळी एकच पाय उचलतो. उरलेल्या तिघांच्या त्रिकोणात अंगाचा भार राहतो, म्हणून मध्येच थांबला तरी पडत नाही. पळताना हा हिशेब मोडतो, तोल जाता जाता सावरावा लागतो. मार्क रायबर्ट यांनी 1980च्या दशकात आधी एकाच पायाचं, उड्या मारणारं यंत्र केलं ते यासाठीच. एक पाय सावरता आला तर चार सावरतील. त्यांच्या बोस्टन डायनॅमिक्सचा ‘बिगडॉग’ 2005 साली आला. कुणी लाथ हाणली तरी तो धडपडत उभा राही. त्याच्याहून अंगानं दांडग्या भावंडाला अमेरिकेच्या मरीन सैनिकांनी ओझी वाहायला लावून पाहिलं आणि 2015च्या अखेरीस बाजूला ठेवलं. इंजिनाचा गोंगाट फार! मुकाट चालणारा बैल किती मोठी गोष्ट आहे बघा.

आता झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातला ‘एनीमल’ हा चार पायांचा रोबो. त्याला चालणं कुणी पाऊल-पाऊल सांगून शिकवलेलं नाही. संगणकाच्या आत त्याच्या हजारो प्रतिमा पडतात, उठतात, पुन्हा पडतात, आणि त्यातून जमलेली चाल खऱ्या यंत्रात उतरवली जाते. पण मला गंमत वाटते ती पुढची. याच रोबोच्या पायांना तिथल्या संशोधकांनी चाकं लावली. सपाट रस्त्यावर चाकं, पायरी आली की पाय. सपाटीवर चाकाला पायापेक्षा कमी ताकद लागते, हा साधा हिशेब. हे वाचलं तेव्हा सिंदीचा वाढई मिशीत हसताना दिसला.

काळ्या मातीत मात्र चाक हरतं. पोळ्याच्या दिवसांत शिवारात ट्रॅक्टर रुतून बसतो आणि बैल निघून जातो. बैलाचा खूर दुभंगलेला. भार पडला की फाकतो, उचलताना मिटतो, म्हणून चिखलाला त्याला धरून ठेवता येत नाही. एस्टोनियातल्या टॅलिनच्या तंत्रविद्यापीठात अलीकडे मूस या दांडग्या हरणाच्या खुरावरून सिलिकॉनचा खूर करून रोबोच्या पायाला लावून पाहिला. रुतणंही घटलं आणि चिखलाची ओढही.

लाकडी नंदीच्या खुरावर वाढई फार तर एक चीर देतो. ती फाकत नाही, मिटत नाही. बोजारा मागत फिरताना नाली आडवी आली की पोरगं दोरी गुंडाळतं, नंदी काखोटीला मारतं आणि उडी घेतं.