पट्ट्याचा व्यायाम : अंग आपले, वजन आपले



"आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला आणखी व्यायाम कशाला?" शिरूर-दौंडच्या वस्त्यांत आरोग्याच्या कामासाठी फिरताना हा प्रश्न आम्हाला हमखास ऐकायला मिळतो. प्रश्न रास्त आहे. कांदा काटणीवरून परतलेल्या माउलीला व्यायाम करा म्हणणे म्हणजे तिची चेष्टाच वाटते. पण त्याच माउलीची कंबर दुखते, मान अवघडते, रात्री खांद्यातून कळा येतात. एवढे राबून अंग बळकट व्हायला हवे होते, मग ते खिळखिळे का होते?

याचे कारण समजून घेऊ. राबण्यात शरीर एकाच दिशेने, एकाच पद्धतीने वापरले जाते. काटणीला बसलेली बाई तासन् तास पुढे वाकलेली असते. रांजणगावच्या एमआयडीसीत लाइनवर उभा असलेला कंत्राटी कामगार पाळी संपेपर्यंत हाताची तीच हालचाल करतो. धुणीभांडी, झाडलोट, चुलीपुढचे काम, सगळे पुढे वाकूनच. छातीकडचे स्नायू आखडत जातात आणि पाठीचे, खुब्याचे स्नायू सैल पडतात. पूर्वी आडावरून पोहरा ओढताना पाठीला काम मिळत होते. आता पाणी नळाला किंवा टँकरला आले. हंडा डोक्यावर राहिला, पण ओढण्याचे काम गेले. कामात जे अंग वापरलेच जात नाही त्याला काम देणे, हा व्यायामाचा खरा अर्थ. कामाने थकवा येतो. मोजून-मापून, मध्ये विश्रांती घेऊन केलेल्या व्यायामाने ताकद येते.

त्यासाठी आज एका साध्या साधनाची माहिती देत आहोत. ते म्हणजे टांगलेला पट्टा.

पट्ट्याचा व्यायाम म्हणजे काय?

एक भक्कम पट्टा उंचावर बांधायचा. त्याची दोन टोके कमरेच्या आसपास लोंबतात. ती हातात धरायची, पाय जमिनीवर ठेवायचे आणि अंग मागे किंवा पुढे झुकवून स्वतःचेच वजन ओढायचे किंवा रेटायचे. लोखंडी वजने नकोत, मशीन नको, महिन्याची फी नको.

याची खुबी झुकण्यात आहे. ताठ उभे राहिले तर जवळजवळ सगळे वजन पायांवर असते आणि हातांना थोडेच काम पडते. जितके जास्त झुकाल तितके जास्त वजन हातांवर येते. पाय बांधलेल्या जागेकडे सरकवले की अंग जास्त तिरपे होते आणि व्यायाम अवघड होतो. पाय दूर नेले की सोपा होतो. म्हणून सत्तरीची आजी आणि पोलीस भरतीची तयारी करणारा तिचा नातू एकाच पट्ट्यावर व्यायाम करू शकतात. फरक फक्त पाऊलभर जागेचा.

आजकाल शहरातल्या जिममध्ये हा प्रकार टीआरएक्स या नावाने चालतो. अमेरिकेच्या नौदलातील रँडी हेट्रिक या कमांडोने १९९७ च्या सुमारास मोहिमेवर असताना जुजुत्सूच्या कमरपट्ट्याला पॅराशूटचा पट्टा जोडून हे साधन तयार केले. जिम नव्हती, जागा नव्हती, म्हणून हाताशी होते त्यातून त्याने मार्ग काढला. पुढे त्याची कंपनी झाली आणि साधन महाग झाले. मूळ कल्पना मात्र गरजेतून आलेली आहे आणि ती कोणालाही वापरता येते.

आपल्या मातीतला दोर

टांगलेल्या साधनावर स्वतःचे वजन पेलण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. मल्लखांबाचे तीन प्रकार आहेत : पुरलेला, टांगता आणि दोरीचा. दोरीच्या जागी पूर्वी वेत वापरत. चांगला वेत मिळेनासा झाल्यावर सुती दोर आला. मुली प्रामुख्याने दोरीचा मल्लखांब करतात. दादरच्या शिवाजी पार्कवर १९२५ पासून चालत आलेले श्री समर्थ व्यायाम मंदिर या कामासाठी प्रसिद्ध आहे. तिथले प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. दृष्टी नसलेल्या मुलांनाही त्यांनी मल्लखांब शिकवला. हिमानी परब यांना मल्लखांबासाठी २०२१ सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. मुलीने दोरावर चढून देशाचा पुरस्कार आणला, हे आपल्या लेकींना जरूर सांगा.

बळाची विद्या ही वरच्यांची मिरासदारी, असे कोणी म्हणत असेल तर त्याला पुण्यातल्या लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीची आठवण करून द्यावी. मातंग समाजातल्या या वस्तादांकडे जोतीराव फुले यांनी दांडपट्ट्याचे धडे घेतले.

एक सावधानता मात्र सांगतो. मल्लखांब शिक्षकाशिवाय करायचा नाही. उंचावर चढणे, उलटे लटकणे हे घरी करून पाहण्याचे प्रकार नव्हेत. आम्ही सांगतो त्या पट्ट्याच्या व्यायामात पाय जमीन सोडत नाहीत.

आधी पट्टा कुठे बांधायचा ते ठरवा

बांधणी सुटली तर गंभीर इजा होऊ शकते. म्हणून हा भाग दोनदा वाचा.

पत्र्याच्या घराच्या अँगलला, दाराच्या कडीला, नळाच्या पाइपाला, पाण्याच्या टाकीच्या स्टँडला पट्टा बांधू नका. बाळाची झोळी ज्या हुकाला टांगतो तो हुक बाळाचे वजन पेलतो, मोठ्या माणसाच्या हिसक्याला टिकेल याची खात्री नसते. विजेच्या खांबाजवळ तर जाऊच नका. विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या आवारातला सिमेंटचा पक्का खांब, शाळेच्या मैदानावरचा सिंगल बार, कडुलिंबाची मांडीएवढी जाड ओली फांदी, या जागा चालतील. पट्टा डोक्याच्या वर, सात-आठ फुटांवर असावा. गुळगुळीत खांबावर तो खाली सरकतो, म्हणून दोन-तीन वेढे द्यावेत.

मालवाहू गाडीवर माल आवळायला वापरतात तसला रुंद, नवा पट्टा चांगला. जाड सुती दोरही चालतो. टोकाला न सरकणारे, पक्के फेर हवेत. हाताला काचू नये म्हणून त्यात पाइपाचा तुकडा घालावा. जुनी साडी, ओढणी, उन्हाने विटलेला किंवा कडेला उसवलेला पट्टा वापरू नये. रोज सुरुवातीला दोघांनी मिळून पट्टा जोरात ओढून पाहावा. व्यायाम झाला की पट्टा सोडून घरात ठेवावा. लोंबता पट्टा लहान मुले खेळता खेळता गळ्यात अडकवतात आणि जिवावर बेतते. या बाबतीत आळस करू नका.

पहिली पायरी : वयस्कर आणि गुडघेदुखीवाल्यांसाठी

मागे एक मजबूत खुर्ची ठेवा. पट्ट्याची टोके धरून हळूहळू बसा आणि उठा. जोर पायांचा, पट्ट्याचा फक्त आधार. आठ-दहा वेळा पुरे. खाली बसून उठता येणे ही म्हातारपणातली मोठी संपत्ती आहे. ज्याला संडासातून स्वतःच्या पायावर उठता येते, तो परावलंबी होत नाही. मांड्यांत ताकद असेल तर तोल सांभाळता येतो आणि पडून खुब्याचे हाड मोडण्याची भीती कमी होते. पुढे पट्टा धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहण्याचा सराव करा.

दुसरी पायरी : राबणाऱ्या माता-भगिनी आणि कामगारांसाठी

पहिला प्रकार ओढीचा. पट्ट्याकडे तोंड करून टोके धरा. टाचा रोवून अंग फळीसारखे सरळ ठेवा, थोडे मागे झुका. आता कोपरे बरगड्यांजवळून मागे नेत छाती हातांपर्यंत आणा. पाठीवरचे दोन्ही फरे एकमेकांजवळ आले पाहिजेत. हळूहळू परत जा. दिवसभर पुढे वाकणाऱ्या पाठीला नेमके हेच काम हवे असते.

दुसरा रेट्याचा. पट्ट्याकडे पाठ करा, टोके छातीसमोर धरा, पुढे झुकून कोपरे वाकवा आणि पुन्हा रेटून सरळ व्हा. कंबर खाली झोकू देऊ नका.

तिसरा बैठकीचा. पट्टा धरून एक पाय मागे टाका, गुडघा जमिनीच्या दिशेने न्या, परत या. मग दुसरा पाय.

प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, मध्ये मिनिट-दोन मिनिटांची विश्रांती घेऊन दोन फेऱ्या. सगळे मिळून वीस-पंचवीस मिनिटे लागतात. आठवड्यातून दोन दिवसांपासून सुरुवात करा आणि मध्ये किमान एक दिवस सोडा. साडीचा घोळ पायात येतो, म्हणून पंजाबी ड्रेस बरा. कोणी हसेल ही लाज सोडा. चार जणी मिळून सुरू केले की हसणारे आपोआप गप्प होतात.

तिसरी पायरी : तरुणांसाठी

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि दोघांनाही १०० मीटर धावणे व गोळाफेक असते. आपली मुले पहाटे रस्त्यावर धावतात, पण गोळ्यासाठी लागणारी खांद्याची, कमरेची ताकद तशीच राहते. त्यांनी पाय पट्ट्याच्या अगदी जवळ नेऊन ओढ आणि रेटा करावा, पट्टा धरून एका पायाच्या बैठका काढाव्यात. सरावल्यावर पावले पट्ट्याच्या खालच्या फेरांत अडकवून, हात जमिनीवर ठेवून अंग फळीसारखे धरावे. गोळाफेकीचा सराव वेगळा करावा लागेलच, पण त्याचा पाया इथे तयार होतो.

पावडरच्या डब्यांवर पैसे उधळू नका. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. डाळ, हरभरे, शेंगदाणे, सुकट हे आपल्या घरातलेच अन्न आहे. कोणी ताकदीचे इंजेक्शन देऊ केले तर तिथून उठून या.

फायदा किती आणि कुठपर्यंत?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. ६५ वर्षांपुढे तोल सांभाळण्याचा सराव आठवड्यातून तीन दिवस हवा. चालण्याने पहिला भाग होतो. दुसरा आणि तिसरा पट्टा भागवू शकतो.

चाळिशीच्या आसपास स्नायू हळूहळू घटू लागतात. जेवणानंतर रक्तात येणारी साखर मोठ्या प्रमाणावर स्नायूच उचलतात, म्हणून मधुमेह असलेल्यांना या व्यायामाचा दुहेरी उपयोग होतो. पण गोळ्या बंद करू नका. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये आणि खिशात गूळ किंवा साखर ठेवावी.

पट्टा म्हणजे जादू नव्हे. जोर-बैठका किंवा वजने उचलून मिळते तशीच ताकद यातून मिळते. "पंधरा दिवसांत पोट गायब" असे सांगणारा फसवतो. एका जागेची चरबी त्या जागेच्या व्यायामाने निघत नाही.

हे आधी तपासा

बीपीवाल्यांनी आणि इतर सर्वांनीही श्वास कोंडू नये. जोर लावताना श्वास सोडा, परत येताना घ्या. श्वास कोंडला की बीपी एकदम चढते. सोपी युक्ती म्हणजे मोठ्याने आकडे मोजत व्यायाम करा.

औषधे घेऊनही बीपी आटोक्यात नसेल, छातीत दुखत असेल, हर्निया असेल, खांदा कधी निखळला असेल, मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झाला असेल किंवा कंबरदुखीबरोबर पायात मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या, विशेषतः सिझर झालेल्या बहिणींनीही आधी विचारावे. चक्कर येत असेल तर रक्त तपासून घ्या. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल तर तो पांडुरोग आहे. त्याला आधी लोहाच्या गोळ्या आणि आहार हवा. तीस वर्षांपुढील सर्वांची बीपी-साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. तो आपला हक्क आहे, मागून घ्या.

दुसऱ्या दिवशी अंग आंबणे स्वाभाविक आहे, एक-दोन दिवसांत ते जाते. सांध्यात टोचणारी कळ आली, छाती भरून आली, अंधारी आली, तर तिथेच थांबा.

एका वस्तीला एक पट्टा पुरतो. पाच-सहा घरांनी वर्गणी काढून तो घ्यावा, विहाराच्या आवारात जागा ठरवावी, पट्टा रोज तपासण्याचे आणि काढून ठेवण्याचे काम एकाकडे द्यावे. सकाळी सहा ते सात बायकांची वेळ असे ठरवून टाकावे, म्हणजे कोणाला परवानगी मागत बसावे लागणार नाही. पहिल्या दिवशी तुम्हाला किती वेळा उठबस जमली ते वहीत लिहा. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा. तो आकडा तुम्हाला आमच्या लेखापेक्षा जास्त सांगेल.