शिकाऱ्यांच्या गोष्टी आणि गळवाल्यांच्या वह्या

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने शके १०५१ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. मराठी वाचकाला हा ग्रंथ बहुधा ओवीच्या जुन्या उल्लेखामुळे ठाऊक असतो. त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींच्या यादीत मृगया आहे, आणि मत्स्यविनोद नावाचा एक भागही आहे. माशांच्या जाती कोणत्या, कोणता मासा कुठे सापडतो, कोणाला कसलं आमिष लावायचं, काठी आणि दोरी कशी हवी, असा सगळा तपशील त्यात येतो. विसाव्या शतकात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या भागाचा अभ्यास केला. हा तपशील राजवाड्यात बसून सुचणारा नव्हे. नदीवर आयुष्य काढलेल्या माणसांनी तो कोणाला तरी सांगितला असणार, आणि ऐकणाऱ्याने तो टाकाऊ न मानता लिहून ठेवला असणार.

शिकार, मासेमारी आणि फासेमारी यांचे अनुभव सांगण्याची रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे. आज शिकारीचा विषय निघाला की आपण अवघडतो, आणि ते योग्यच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा बसला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याच्या शिकारीचीही वाट बंद झाली. हे व्हायलाच हवं होतं. पण बंदूक खाली ठेवताना शिकाऱ्याची गोष्टही आपण अडगळीत टाकली, हे मात्र चुकलं. त्या गोष्टींत रानाची आणि पाण्याची जी माहिती साठली आहे, ती दुसरीकडे कुठे मिळत नाही.

मुंबईत १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आपापली निरीक्षणं एकमेकांना सांगावीत, जमवलेले नमुने दाखवावेत, एवढाच सुरुवातीचा हेतू होता. १८८६ पासून संस्थेचं नियतकालिक निघू लागलं. त्याच्या जुन्या अंकांत किरकोळ टिपणांचा विभाग भरगच्च असे. लिहिणारे वनाधिकारी, लष्करी अधिकारी, चहा-कॉफीच्या मळ्यांवरचे लोक आणि शिकारी. कुणी बिबट्याने झाडावर भक्ष्य कसं चढवलं ते कळवी, कुणी नेहमीच्या टापूबाहेर दिसलेल्या पाखराची नोंद पाठवी. आपल्या देशातल्या प्राणिशास्त्राचा मोठा भाग अशा हौशी लोकांच्या पत्रांवर उभा राहिला.

सालीम अली याच वाटेने पक्ष्यांकडे आले. १९०८ मध्ये एअरगनने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते मामांच्या ओळखीने सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे गेले, आणि पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे. मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची त्याच वयातली दुसरी नोंद. घरच्या तबेल्यात चिमणीचं घरटं होतं. घरट्याशी राखण करणारा नर त्यांनी मारला, तर थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. तोही मारला, तर तिसरा आला. सात दिवसांत असे आठ नर गेले. पोराच्या हातून घडलेला हा खेळ क्रूर होता, पण त्याने जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहून ठेवलं. कित्येक दशकांनी ती नोंद छापली गेली, तेव्हा पक्ष्यांच्या वर्तनाचा पुरावा म्हणूनच तिच्याकडे पाहिलं गेलं.

त्याच नियतकालिकाने सांगणाऱ्याला जाबही विचारला आहे. १९४७ मध्ये कोरिया संस्थानच्या राजाने रात्री मोटारीच्या दिव्यांच्या झोतात तीन चित्ते मारले. त्याचा वृत्तांत छायाचित्रासह सोसायटीकडे आला. संपादकांनी तो छापला, पण कडक निषेध नोंदवून. भारतातल्या चित्त्याची ती जवळपास अखेरची खात्रीशीर नोंद ठरली आणि १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. ज्या कोल्हापूरच्या माळावर चित्तेवान चित्त्यांना काळविटांवर सोडत, तिथल्या लोकांना या बातमीचं वजन वेगळं सांगायला नको. वृत्तांत आला नसता तर तेवढाही पुरावा उरला नसता.

जिम कॉर्बेट यांचं ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ १९४४ मध्ये मुंबईतूनच, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केलं. मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या कॉर्बेट वाचला गेला. ४३६ बळींची नोंद नावावर असलेली चंपावतची वाघीण त्यांनी १९०७ मध्ये मारली, हे पुष्कळांना पाठ असतं. पण मेलेल्या वाघिणीच्या तोंडात त्यांनी काय पाहिलं, ते अधिक महत्त्वाचं. उजवीकडचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते, आणि ते जुन्या गोळीने तुटलेले होते. नेहमीची शिकार तिला करता येईना, म्हणून ती माणसाकडे वळली. कोण्या अनामिक शिकाऱ्याच्या नेम चुकलेल्या गोळीची ही किंमत कुमाऊं आणि नेपाळच्या बायाबापड्यांनी मोजली. एरवी वाघीण मारल्याच्या आनंदात गोष्ट संपली असती. कॉर्बेटनी जबडा उघडून पाहिला आणि कारण सांगितलं, म्हणून ती गोष्ट टिकली. त्याच पुस्तकात एक प्रकरण महसीर माशाच्या गळाच्या शिकारीवर आहे. वाघांच्या ओढीने पानं उलटणारे वाचक ते गाळतात. त्यांनी ते आवर्जून वाचावं.

मराठीत व्यंकटेश माडगूळकरांना शिकारीचा नाद होता. पुढे तीच नजर ‘सत्तांतर’मधल्या वानरांच्या टोळ्यांकडे वळली. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात उमेदीची सगळी वर्षं घालवली, पण आपण जंगल शिकलो ते पुस्तकांइतकंच माणसांकडून, हे ते मोकळेपणाने सांगत. नवेगावबांधच्या माधवराव पाटलांसारखे जुने जाणते, तळ्यावरचे ढीवर, रानातले गोंड हे त्यांचे गुरू. २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, तेव्हा एका अर्थाने ही सारी न लिहिणारी माणसंच त्या मंचावर पोहोचली. जून २०२५ मध्ये चितमपल्ली गेले. ऐकून घेणारा एवढा मोठा कान मराठीत आता दुसरा नाही.

न लिहिणाऱ्यांमध्ये सर्वांत जास्त ज्याचं ऐकायला हवं होतं आणि सर्वांत कमी ऐकलं गेलं, तो फासेपारधी. जमिनीत बारीक खुंट्या ठोकायच्या, त्यांना फासे बांधायचे, गवताच्या कडेने फाशांची ओळ मांडायची. मग शिकवलेल्या गाई-बैलाच्या आडोशाने तित्तर-लाव्ह्यांना न उडवता, न बिथरवता त्या ओळीकडे चालवत न्यायचं. पाखरू थबकलं की आपणही थबकायचं, ते टिपू लागलं की एक पाऊल पुढे. तित्तराची साद तोंडाने इतकी हुबेहूब काढायची की नर तणतणत पुढे यावा. त्यासाठी कोणत्या महिन्यात कोणतं पाखरू कोणत्या गवतात असतं, कुठे अंडी घालतं, वारा कुठून असला की बिचकतं, हे सगळं ठाऊक असावं लागतं. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांच्यासारखंच पारध्यांचंही जिणं झालं. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण पोलिसांचा आणि गावाचा संशय गेला नाही. अशा माणसाने आपली रानातली विद्या कोणाजवळ बोलावी? बोलला तर तो कबुलीजबाब ठरायचा. विदर्भातल्या माळरानांवर तणमोरासारखं दुर्मीळ पाखरू शोधायला हेच लोक लागतात, हे पक्षी अभ्यासकांना उशिरा का होईना उमगलं. पारध्याला गुन्हेगार न मानता जाणकार मानलं की काय हाती लागतं, ते तिथे दिसलं.

कोकणात आणि ठाणे-पालघरच्या पट्ट्यात मासेमारीच्या गप्पांना मृगाच्या पहिल्या पावसात ऊत येतो. ओढे तांबड्या पाण्याने फुगले की अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात आणि उथळ पाण्यात, भाताच्या खाचरांत शिरतात. हे चढणीचे मासे, हीच वलगण. रात्री बत्ती, कोयता, जाळं, पाठीला इरलं, आणि बांधाच्या तोंडाशी लावलेला कामट्यांचा निमुळता सापळा. पाण्याची धार जिथे मोडते तिथे मासा क्षणभर दम खातो, सापळा तिथेच लावायचा. पाणी गढूळ असेपर्यंत चढण चालते, निवळलं की थांबते. कोणता ओढा आधी येतो, कोणत्या वळणावर वाम मिळते आणि कुठे मळ्ये, हे बाप मुलाला त्या चिखलातच सांगतो.

या आनंदावर विरजण घालणं जिवावर येतं, तरी लिहायला हवं. चढणीची मादी पकडली की तिच्या पोटातली पुढची पिढीही गेली. समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती याच कारणासाठी, पण त्याच दिवसांत गावचा ओढा उघडाच असतो. पूर्वी हाताने आणि सापळ्याने जेवढं निघे तेवढंच निघे. आता काही जण डोहात ब्लीचिंग पावडर टाकतात, सुरुंग उडवतात, विजेच्या तारा सोडतात. ही मासेमारी नव्हे, ओढ्याची हत्या आहे. हे सर्वांत तळमळीने सांगतात ते गळ टाकणारे म्हातारेच. आजोबा ज्या माशांची नावं घेतात, त्यातली निम्मी नातवाने कधी पाहिलेली नसतात. नातवाला वाटतं, ओढ्यात पहिल्यापासून एवढेच मासे होते. ही फसगत थांबवायला आजोबांच्या गोष्टीखेरीज दुसरा पुरावा बहुतेक ओढ्यांच्या बाबतीत अस्तित्वातच नाही.

अशा गोष्टी नीट टिपल्या तर काय होतं, त्याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण कावेरीवर घडलं आणि त्याचा एक धागा थेट लोणावळ्याला येऊन पोहोचतो. महसीर हा गळवाल्यांचा वाघ. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या एकाने काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंचा महसीर धरला. हे घराणं वाघांत पेंढा भरण्यासाठी जगभर प्रसिद्ध होतं. कावेरीच्या खोऱ्यातला तो महसीर पाठीला उंचवटा असलेला, फक्त त्याच नदीत सापडणारा. आपल्याकडचा दख्खनी महसीर वेगळा. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचं वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. धरणांमुळे तो कमी होऊ लागला तेव्हा मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चिं. वि. कुलकर्णी यांनी लोणावळ्याला टाटांच्या तलावावर त्याची अंडी फलित करून पिल्लं वाढवण्याचं तंत्र बसवलं. काम फार मोठं होतं आणि हेतू निर्मळ होता. पुढे ती पिल्लं देशभर गेली, कावेरीतही सोडली गेली.

कावेरीवर गळीबोरेच्या तळावर हौशी गळवाले नाचणीच्या गोळ्याचं आमिष लावून महसीर धरत, मोजत आणि परत पाण्यात सोडत. किती तास गळ टाकला, किती मासे लागले, वजन किती, कोणता मासा, हे वहीत लिहिण्याची शिस्त तिथे होती. १९९८ ते २०१२ या काळातल्या, सहा हजारांहून जास्त माशांच्या या नोंदी संशोधकांनी अभ्यासल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. एकूण मासे वाढले होते, म्हणून सगळ्यांना वाटत होतं की नदी उत्तम आहे. पण वाढला होता तो बाहेरून आणलेला निळ्या परांचा दख्खनी महसीर. कावेरीचा स्वतःचा मासा वह्यांमधून जवळजवळ नाहीसा झाला होता. २०१८ मध्ये त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. या ऱ्हासाचा इतका सलग पुरावा मिळाला तो गळ टाकणाऱ्यांच्या वह्यांतून. फुशारकी मारायला मोठा मासा पुरतो. इथे कामाला आले ते लहान मासे आणि रिकामे गेलेले तास, कारण तेही कोणीतरी इमानाने लिहिले होते.

बढाई आणि अनुभव यांतला फरक मला इथे दिसतो. बढाईत तारीख नसते, जागा नसते, अपयश नसतं. शिकारकथांचा मोठा ढीग या कारणाने वाया गेला आहे. उरलेला थोडा भाग मात्र सोन्याच्या मोलाचा आहे.

तेव्हा दिवाळीला गावी गेलात तर घरातल्या, वाडीतल्या, पाड्यावरच्या जुन्या गळवाल्याजवळ, पारध्याजवळ, कातकऱ्याजवळ बसा आणि लिहून घ्या. ओढ्याचं नाव, साल, महिना, माशाचं किंवा पाखराचं ते म्हणतात तेच नाव, साधन कसं बनवायचे, आणि शेवटचं कधी पाहिलं. ज्याने सांगितलं त्याला अडचणीत आणणारं काही छापू नका, आणि दुर्मीळ प्राण्याची आजची जागा कोणालाही कळवू नका. वहीची एक प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात आणि एक गावच्या वाचनालयात ठेवा. हे सांगू शकणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीला आली आहेत, म्हणून पुढच्या वर्षीवर ढकलू नका.