अखेरच्या रांगेसाठी सादरीकरण

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेल्या नंदुरबार जिल्ह्यात, जिल्हा कचेरीतील आढावा बैठकीपासून अक्राणी तालुक्यातील आश्रमशाळेच्या आरोग्य शिबिरापर्यंत, जेथे जेथे चार माणसांना काही समजावून सांगावयाचे असते तेथे तेथे आज संगणकीय सादरीकरण, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेली ‘पीपीटी’, हजर असते. परंतु ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत, जेथे घरोघरी भिली, पावरी, मावची किंवा अहिराणी बोलली जाते आणि पुस्तकी मराठीची गाठ बहुधा शाळेतच पडते, तेथे बैठकीसाठी केलेली बारा ओळींची स्लाईड जशीच्या तशी शिबिराच्या पडद्यावर लावून ती वाचून दाखवणे हा श्रोत्यांवर उघड अन्याय आहे.

सिकलसेलचेच उदाहरण घेऊ. तांबड्या रक्तपेशींचा हा आनुवंशिक विकार सातपुड्याच्या पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, ते केवळ वाहक असण्याची ५० टक्के आणि सर्वस्वी निर्दोष असण्याची २५ टक्के असते. हे सांगण्यासाठी नेहमीच्या तक्त्यात आईबापांच्या चित्राखाली चार मुले ओळीने उभी केलेली असतात : एक आजारी, दोन वाहक, एक निरोगी. पहिले मूल आजारी निघालेल्या एखाद्या दांपत्याने तो तक्ता पाहून पुढची तिन्ही मुले सुटली असा ग्रह करून घेतला, तर त्यात त्यांचा काय दोष? त्याऐवजी पहिल्या स्लाईडवर आईच्या हातात एक लाल व एक पांढरा असे दोन मणी दाखवावेत, दुसरीवर वडिलांच्या हातात तसेच दोन, तिसरीवर प्रत्येकाकडून एकेक मणी बाळाकडे जावा, आणि चौथीवर, दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी, दोघांच्याही हातांत पुन्हा तेच दोन-दोन मणी असावेत. ही चौथी स्लाईडच साऱ्या सादरीकरणाचा प्राण होय. पडद्यावर एकही अक्षर नको. सांगणारी व्यक्ती पावरीतून सांगेल, आणि वीज गेलीच तर खरे मणी हातात घेऊन तेच सांगता येईल.

चित्र पडद्यावर आणि शब्द मुखात, ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून गात गात कथा सांगत आले, आणि कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ मध्ये सुरू केलेल्या ‘शांबरिक खरोलिके’त काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर उमटत असताना निवेदन चाले. रॉबर्ट गॅस्किन्स व डेनिस ऑस्टिन यांनी घडवलेले पॉवरपॉइंट १९८७ साली बाजारात आले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. मजकुराची शिडी रचण्याची खोड मात्र त्याच्याबरोबर जगभर पसरली. तिची किंमत किती भारी पडू शकते हे १ फेब्रुवारी २००३ च्या कोलंबिया अंतराळयानाच्या दुर्घटनेनंतर दिसले. कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर ज्या अपघातात गेले, त्याच्या चौकशी अहवालाने अशा स्लाईडवर नाव घेऊन टीका केली. यानाच्या पंखावर आदळलेला फेसाचा तुकडा चाचणीतील तुकड्याहून शेकडो पटींनी मोठा होता, ही निर्णायक बाब स्लाईडच्या तळाशी बारीक अक्षरांत होती आणि वरचे शीर्षक दिलासा देणारे होते.

म्हणून आढावा बैठकीतही शीर्षक हे पूर्ण विधान असावे; ‘लसीकरण : सद्यस्थिती’ असे न लिहिता ‘तीन उपकेंद्रांत लस वेळेवर पोहोचत नाही’ असे लिहावे, म्हणजे साहेबांना हुकूम काय द्यायचा हे तत्काळ कळते. तपशिलाचा तक्ता कागदावर छापून हाती द्यावा.

साधनांसाठी पैसा लागत नाही. लिब्रेऑफिसचे इम्प्रेस विनामूल्य आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेला मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी हे युनिकोड फाँट फुकट मिळतात, आणि जुन्या बिगर-युनिकोड फाँटातला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांत बदलतो, तो प्रसंग ते टाळतात. वेलांट्या, उकार व जोडाक्षरे यांना श्वास घेता यावा म्हणून ओळींत अंतर सढळ ठेवावे, अक्षर तीस पॉइंटांहून लहान नसावे, आणि सभागृहाच्या अखेरच्या रांगेत स्वतः उभे राहून ते वाचून पाहावे. विकिमीडिया कॉमन्सवरील छायाचित्रे श्रेय देऊन वापरता येतात. तथापि आपल्याच पाड्यावर, माणसांची संमती घेऊन काढलेले छायाचित्र केव्हाही सरस. डोंगरात नेटवर्कचा भरवसा नसल्याने चित्रफीत पेनड्राईव्हमध्येच न्यावी, आणि सोबत पीडीएफची एक प्रत ठेवावी.

शिक्षक, ग्रामसेवक व आरोग्य कर्मचारी यांना माझी एवढीच विनंती आहे की, शिबिराची तारीख ठरताच आपले सादरीकरण प्रथम गावच्या आशाताईंना दाखवावे, त्यांच्याच बोलीत ते त्यांच्याकडून परत ऐकावे, आणि जेथे त्या अडखळतील ती स्लाईड निःसंकोच काढून टाकावी.