झटका केव्हा आला, हे एमआरआय सांगतो

रात्री जेवून व्यवस्थित झोपलेला माणूस सकाळी उठतो तो एका बाजूचा हात-पाय लुळा पडलेला आणि जीभ जड झालेली. अर्धांगवायूचा झटका आला, हे घरच्यांच्या लक्षात येते. पण केव्हा आला, हे कोणालाच सांगता येत नाही. डॉक्टरांची अडचण नेमकी येथेच होते. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. उशीर झाल्यास मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती वाढते.

रुग्ण आला की बहुधा प्रथम सीटी स्कॅन करतात आणि ते योग्यच आहे. रक्तस्राव झाला आहे की नाही, हे त्यातून काही मिनिटांत कळते. मात्र रक्तवाहिनी तुंबली असेल, तर सुरुवातीच्या काही तासांत साधा सीटी स्कॅन पुष्कळदा निर्दोष दिसतो. 'रिपोर्ट नॉर्मल आला' म्हणून नातेवाइकांनी निर्धास्त होऊ नये, ते यासाठीच.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात शरीरातील पाण्याकडून मिळणाऱ्या संकेतांवरून चित्र तयार होते. रक्तपुरवठा तुटला की मेंदूच्या पेशींत पाणी शिरते, त्या फुगतात आणि पाण्याच्या रेणूंची मोकळी हालचाल मंदावते. 'डिफ्यूजन' चित्रणात हा भाग काही मिनिटांतच पांढराशुभ्र उमटू लागतो. 'फ्लेअर' नावाच्या चित्रणात तो उमटण्यास मात्र काही तास लागतात. पहिल्यात डाग स्पष्ट आणि दुसऱ्यात नाही, याचा अर्थ झटका बहुधा साडेचार तासांच्या आतला. 'वेक-अप' या युरोपातील चाचणीत याच निकषावर ५०३ रुग्ण निवडण्यात आले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, इंजेक्शन दिलेल्यांपैकी ५३.३ टक्के रुग्ण तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत झाले. न दिलेल्यांत हे प्रमाण ४१.८ टक्के होते. मेंदूतील रक्तस्रावही औषध घेतलेल्यांत अधिक आढळला, हेही सांगितले पाहिजे.

कोणती वाहिनी तुंबली, हे एमआर अँजिओग्राफीत दिसते. त्यासाठी अनेकदा रंगद्रव्य टोचावेही लागत नाही. वाहिनीचा अरुंदपणा मात्र त्यात कधी कधी असतो त्याहून जास्त भासतो. मोठी वाहिनी बंद असल्यास निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत नळीवाटे गुठळी बाहेर काढता येते.

रुग्णास पेसमेकर किंवा शरीरात धातूची क्लिप बसविली असल्यास ते तपासणीपूर्वी सांगावे. रुग्णाला शेवटचे धडधाकट केव्हा पाहिले, ती वेळही डॉक्टर विचारतील. ती आठवून ठेवावी.