गळ्यात लपलेलं अक्षर

ओळख पाहू! तुझ्या अंगात एक असं हाड आहे, ज्याचा दुसऱ्या कुठल्याच हाडाशी सांधा नाही. कुठे असेल ते?

गळ्यात! हनुवटीखाली, जिथे गळा सुरू होतो, तिथे अलगद बोट टेकव. दाबू नकोस हं! आता आवंढा गिळ. आत काहीतरी टुणकन वर गेलं ना? त्या उडीत तेही हाड असतं. त्याचं नाव हायॉइड.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 206 हाडं. बाकीची शेजाऱ्याला धरून बसलेली, हे मात्र एकटंच! मग ते घसरत कसं नाही? बागेतला झोपाळा साखळ्यांवर लटकतो ना, तसं हे स्नायूंवर आणि चिवट पट्ट्यांवर लटकतं. काही वरून ओढतात, काही खालून. जिभेचे स्नायूही यालाच चिकटलेले. म्हणजे पोळीचा घास गिळताना आणि मित्राला हाक मारताना हे बिचारं कामावर!

आता खरी गंमत. हे नाव म्हणजे चक्क एक अक्षर आहे!

ग्रीक लिपीत उप्सिलॉन नावाचं अक्षर आहे. इंग्रजीतला 'यू' त्याचाच वंशज. शब्दाच्या सुरुवातीला ते आलं, की जुने ग्रीक लोक आधी 'ह'ची फुंकर घालत. म्हणून 'हु'. आणि 'एइदोस' म्हणजे रूप. ग्रीक वैद्यांनी हे वाकडं हाड पाहिलं आणि म्हटलं, हे तर उप्सिलॉनसारखं दिसतं! पुढे युरोपातले डॉक्टर लॅटिनमध्ये लिहू लागले. त्यांनी त्या ग्रीक शब्दाला लॅटिन शेपूट जोडलं. झालं 'हायोइडेउस'!

आणखी अक्षरं हवीत? दंडावर इंजेक्शन टोचतात ना, तिथला खांद्याचा स्नायू डेल्टॉइड. ग्रीक डेल्टा हे अक्षर त्रिकोणी, आणि हा स्नायूही त्रिकोणी!

पण माझं लाडकं हायॉइडच. 1983 साली इस्राएलमधल्या केबारा गुहेत निअँडरथल या प्राचीन मानवजातीतल्या एका माणसाच्या सांगाड्याबरोबर हे हाड सापडलं. साधारण 60,000 वर्षांपूर्वीचं! आणि दिसायला जवळजवळ तुझ्या-माझ्यासारखंच. तो माणूस आपल्यासारखा बोलायचा का, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात.

तेव्हा जगात ग्रीक लिपी नव्हती. कुठलीच लिपी नव्हती! पण त्याच्या गळ्यात उप्सिलॉन मात्र होता.